गाडीच्या म्युझिक सिस्टिममधला नको तो आवाज : शोधायचा कसा, घालवायचा कसा

इंजिन बंद असताना गाणं स्वच्छ वाजतं. सेल्फ मारला की मागून बारीक शिट्टी सुरू होते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तीही चढत जाते. बाहेरून डेक (डॅशबोर्डमधला प्लेयर) आणि अँप (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) बसवलेल्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार. दुकानात गेलं की पहिला सल्ला मिळतो, ‘फिल्टर टाका’. फिल्टरने आवाज कधी जातो, कधी नुसता दबतो, कधी त्याच्याबरोबर बासही जातो. मूळ दोष मात्र तिथेच राहतो. म्हणून आवाज कुठून शिरतोय हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका, असं आमचं ठाम मत आहे. शोध घ्यायला सुट्टीची एक सकाळ पुरते, आणि बऱ्याचदा दोष निघतो तो रंगावरच आवळलेल्या अर्थिंगच्या (निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणाऱ्या) बोल्टात.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी दहाच्या आत उरका. उन्हात तापलेल्या गाडीत सीटखालचा अँप आधीच गरम असतो. इंजिन चालू ठेवून बरंच काही तपासायचं आहे, तेव्हा गाडी उघड्यावर लावा. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं.

आधी नुसतं ऐका

गाडी थांबवा, सगळे दरवाजे लावा, व्हॉल्यूम शून्यावर आणा. मग एकेक गोष्ट सुरू करत जा: आधी चावी ॲक्सेसरीवर, मग इग्निशन, मग इंजिन, मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर, इंडिकेटर. प्रत्येक टप्प्यावर काय बदललं ते कागदावर लिहा.

रेस केल्यावर चढणारी शिट्टी अल्टरनेटरमधून (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रातून) येते. पण अल्टरनेटर खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. थोडी लहर प्रत्येक अल्टरनेटरच्या वीजेत असते, ती गाण्याच्या वाटेत शिरते कशी हा खरा प्रश्न. रेस केली तरी न बदलणारा ‘स्स्स’ म्हणजे अँपवरचा गेनचा स्क्रू जास्त पिळलेला. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत रेसबरोबर वाढणारी टिकटिक असेल तर स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरींकडे बघा. डिझेलला स्पार्क प्लगच नसतात, त्यामुळे तिथे त्या दिशेला पैसे घालू नका. ब्लोअरच्या वेगाबरोबर बदलणारी गुणगुण ब्लोअरच्या मोटरची. इग्निशन लावताच दोन-तीन सेकंद येऊन थांबणारी घरघर गाडीच्या टाकीतल्या पेट्रोल पंपाची. एसीचा कॉम्प्रेसर लागताना ‘टक’ आला तर तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा. आणि फक्त खड्ड्यात येणारा खर्र-खट् म्हणजे कुठेतरी वायर सैल आहे किंवा दरवाजात घासते आहे.

व्हॉल्यूम वाढवल्यावर नको तो आवाजही वाढतो का, हे नक्की बघा. वाढत असेल तर तो डेकच्या व्हॉल्यूमच्या आधीच शिरतो, म्हणजे फोन, ऑक्स केबल, यूएसबी किंवा रेडिओकडून. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढाच राहत असेल तर तो व्हॉल्यूमच्या पुढे शिरतोय: डेकचा आउटपुट, आरसीए केबल (डेकमधून अँपकडे गाणं नेणारी), अँप. अर्धा शोध या एका निरीक्षणात संपतो.

लागणारं सामान

डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, ८० नंबरचा पॉलिश पेपर, पाच मीटर साधी वायर, दोन आरसीए मेल प्लग, दोन आरसीए फिमेल-टू-फिमेल जॉइंटर आणि टाका मारायला सोल्डर गन. दोन्ही आरसीए प्लग उघडून मधली पिन आणि बाहेरचं कडं एका छोट्या तारेने जोडा, टाका मारा आणि झाकण परत लावा. हे झाले शॉर्ट प्लग. किंमत नगण्य, पण पूर्ण कामात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

मीटरबद्दल एक सूचना. बाजारात मिळणारा लहान पिवळा मीटर डीसी व्होल्टला ठीक आहे, पण त्याच्या एसी रेंजवर बॅटरीला लावला तर एका बाजूने २५-२६ व्होल्ट दाखवतो आणि पिना उलट्या केल्या की शून्य. ते वाचन खोटं असतं. अल्टरनेटरची लहर मोजायची तर मिलिव्होल्टमध्ये एसी दाखवणारा बरा मीटर घ्या किंवा ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

बॅटरी आणि चार्जिंग

रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवायला हवी. इंजिन चालू केल्यावर १३.५ ते १४.५. नव्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या ताब्यात असतो, तिथे आकडा वर-खाली होतो, घाबरू नका. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिन २००० आरपीएमला धरून बॅटरीच्या दोन पोलवर एसी व्होल्ट मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अल्टरनेटरला मोकळं सोडा. त्याहून बराच जास्त असेल तर आतला डायोड गेल्याची शक्यता मोठी. अल्टरनेटर आधी दुरुस्त करा, बाकीचं नंतर.

बॅटरीच्या पोलवर पांढरी-हिरवट पावडर साठली असेल तर ती गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा. जुनी बोलेरो किंवा ओम्नी असेल तर इंजिनपासून बॉडीला जाणारी जाळीची अर्थ पट्टीही बघा. चिखल, तेल आणि गंज यांनी ती आतून तुटलेली असते, बाहेरून मात्र धड दिसते. शंका आली तर तिच्या जोडीला १६ चौरस मिलिमीटरची एक तांब्याची वायर लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) लावून बसवा.

शॉर्ट प्लगची परीक्षा

इथे घाई करू नका. प्रत्येक वेळी डेक आणि अँप बंद करूनच आरसीए काढा-घाला. चालू अँपची आरसीए ओढली तर स्पीकरला जबर धक्का बसतो, आणि काही डेकमध्ये आरसीएच्या कड्याच्या वाटेवर बोर्डावर बसवलेला केसाएवढा बारीक फ्यूजही उडतो.

पहिली पायरी. अँपला आलेली आरसीए काढा, तिथे दोन्ही शॉर्ट प्लग बसवा, इंजिन चालू करा, रेस करा. आवाज अजूनही येत असेल तर डेक आणि केबल निर्दोष ठरले. दोष अँपच्या पॉवरमध्ये, अर्थिंगमध्ये, स्पीकरच्या वायरींत किंवा अँपच्या आत. आवाज गेला तर अँप आणि त्याच्या पुढचं सगळं ठीक, दोष मागे आहे. शॉर्ट प्लग फक्त अँपच्या इनपुटला लावायचे. डेकच्या आउटपुटला लावले तर डेक खराब होईल.

दुसरी पायरी, आवाज गेला असेल तर. आरसीए परत अँपला लावा. डेक बाहेर काढून केबलचं डेककडचं टोक सोडवा आणि त्या टोकाला जॉइंटर लावून शॉर्ट प्लग जोडा. आता इंजिन चालू केल्यावर आवाज आला तर केबलच वाटेत तो पकडते आहे. बहुधा ती पॉवर वायरच्या शेजारून आली असेल. पॉवर वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने घ्या. कुठे ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. सरसकट ‘डबल शील्ड’ महाग केबल घेण्यापेक्षा आतल्या तारा एकमेकींना पिळलेली साधी केबल योग्य वाटेने नेलेली केव्हाही बरी.

तिसरी पायरी. शॉर्ट केलेली केबल शांत राहिली तर तिला डेकऐवजी मोबाइल जोडा, आरसीए-टू-ऑक्स पिनने. मोबाइल चार्जिंगला नसावा आणि नुसता सीटवर पडलेला असावा. गाणं स्वच्छ आलं तर दोष डेकचा किंवा डेकच्या अर्थिंगचा, हे नक्की झालं.

चौथी पायरी डेकची. डेक पट्टीतून मोकळा काढून कापडावर ठेवा. त्याची धातूची बॉडी गाडीच्या कुठल्याही लोखंडाला लागू देऊ नका. आता एरियलची पिन काढून बघा. शिट्टी थांबली तर एरियलच्या वाटेने दुसरी अर्थ मिळते आहे आणि दोन अर्थांमधला फरक गाण्यात शिरतो आहे. एरियलच्या पायाशी गंज असेल तर तो साफ करा. थांबली नाही तर डेकची काळी (अर्थची) वायर जोडाच्या जागी सोडवा आणि पाच मीटरच्या वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा अँपच्या अर्थ बोल्टला जोडा. शिट्टी गेली की उत्तर मिळालं: कंपनीच्या हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) अर्थ डेकला पुरत नाही.

तरीही शिट्टी राहिली तर तो बारीक फ्यूज तपासा. डेक बंद करून मीटर बझरवर (जोड असला की वाजणाऱ्या रेंजवर) ठेवा, एक पिन आरसीएच्या बाहेरच्या कड्याला, दुसरी डेकच्या धातूच्या बॉडीला. बझर वाजायला हवा. वाजला नाही तर उघड्या तांब्याच्या तारेचे दोन-तीन वेढे आरसीएच्या कड्याला द्या आणि तारेचं दुसरं टोक डेकच्या मागच्या स्क्रूखाली दाबा. आवाज क्षणात गेला तर निदान पक्कं. कायमची दुरुस्ती बोर्डावरचा फ्यूज बदलून, हात बसलेल्या कारागिराकडूनच करून घ्या.

जुन्या डेकच्या जागी अँड्रॉइड डेक बसवला असेल तर त्याची पिवळी वायर कुठून घेतली आहे तेही बघा. हा डेक करंट जास्त ओढतो आणि बऱ्याच ठिकाणी तो सिगारेट लायटरच्या बारीक वायरीवर लटकवलेला असतो. पिवळी थेट बॅटरीवरून घ्या, बॅटरीजवळ डेकवर छापलेल्या क्षमतेचा फ्यूज लावा, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. लाल वायर ॲक्सेसरीवर राहू द्या, निळी-पांढरी अँपच्या रिमोटला (अँप चालू करणाऱ्या टर्मिनलला). डेकच्या स्पीकर वायरींमधली निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे. ती बॉडीला जोडली तर डेकचा आतला आयसी जळतो.

अर्थिंग : बहुतेक सगळं इथेच

शॉर्ट प्लग लावूनही आवाज राहिला, तर आधी अँपचा अर्थ बोल्ट उघडा. आत काय दिसतं ते नीट बघा. लग चकचकीत रंगावर बसवलेला आणि बोल्टाच्या आट्यांपुरताच लोखंडाला टेकलेला असेल, तर शिट्टीचं मूळ सापडलं.

अर्थ मोजायची खरी रीत ओहममध्ये नाही. साधा मीटर ०.५ ओहमच्या खाली विश्वासाचा नसतो आणि त्याच्या पिनांचाच रोध तेवढा असतो. त्याऐवजी व्होल्टेज ड्रॉप मोजा. मीटर डीसी २ व्होल्ट रेंजवर. काळी पिन पाच मीटरच्या वायरने बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला, लाल पिन अँपच्या ग्राउंड टर्मिनलला. इंजिन चालू, गाणं दणक्यात. मीटर ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ उत्तम. ०.३-०.४ वर गेला तर अर्थ पुन्हा करा.

पुन्हा करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा. जागा निवडा ती बॉडीच्या जाड पत्र्याची. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो जीव वाचवायला आहे. डिकीत भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी त्याच भागात असते. पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा. रंगाखालचा करडा प्रायमरही वीज अडवतो, तोही निघायला हवा. दाबलेला रिंग लग, दातेरी वॉशर, ८ एमएमचा बोल्ट, घट्ट आवळा. आवळून झाल्यावर वरून रंगाचा हात मारा, नाहीतर एकाच पावसाळ्यात तिथे गंज चढेल. रंग आधी नाही, नंतर.

अर्थ वायर अर्ध्या मीटरच्या आत आणि पॉवर वायरएवढीच जाड असावी. लहान चार चॅनेल अँपला ८ गेज चालते, मोठ्या वूफरच्या अँपला ४ गेज. वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. तिचा रोध जास्त, त्यामुळे तशीच वापरायची तर एक माप जाड घ्या. पॉवर वायरला बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. आवाजाशी त्याचा संबंध नाही, पण तो नसेल तर वायर कुठे घासली की गाडी पेटू शकते.

अर्थ ठीक असूनही आवाज असेल तर अँप बंद करा, स्पीकरच्या सगळ्या वायरी अँपवरून सोडवा आणि प्रत्येक वायर व बॉडी यांच्यात बझर लावा. कुठलीच वाजता कामा नये. वाजली तर ती वायर दरवाजाच्या रबरी नळीत किंवा सीटच्या रुळाखाली सोलली आहे. अँपची स्वतःची बॉडी थेट पत्र्यावर स्क्रूने आवळली असेल तर मध्ये लाकडी पट्टी द्या. तीही एक चोरटी अर्थ असते.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

गेन हा डेकचा आउटपुट आणि अँप यांची सांगड घालणारा स्क्रू आहे. तो शेवटपर्यंत पिळला की डेकमधली बारीकशी सळसळही मोठी होऊन बाहेर येते आणि वरच्या आवाजात गाणं फाटतं. बास बूस्ट, इक्वलायझर सगळं शून्यावर आणा. स्पीकर सोडवा. डेकचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशवर ठेवून टेस्ट टोन वाजवा, दरवाजाच्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झ, वूफरसाठी ५०. अँपच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवा.

किती व्होल्टला थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॅट आणि ४ ओहम असतील तर १४.१ व्होल्ट. १०० वॅट, ४ ओहमला २० व्होल्ट. इथे वॅट म्हणजे आरएमएस (अँप सतत देऊ शकतो ती ताकद), डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘मॅक्स’ आकडा नव्हे. ही मोजणी पिवळ्या मीटरच्या २०० व्होल्ट रेंजवर ५० हर्ट्झला बऱ्यापैकी जमते, १००० हर्ट्झला चुकू शकते.

गेन बरोबर लावूनही उन्हाळ्यात अँप मध्येच बंद पडून दहा मिनिटांनी सुरू होत असेल तर तो तापून स्वतःला वाचवतो आहे. सीटखालच्या कार्पेटमध्ये गाडलेला अँप वर उचला, सगळ्या बाजूंनी चार बोटं मोकळी हवा द्या आणि पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने झाडा.

फोन, चार्जर, रेडिओ

फोन ऑक्सला आणि त्याच वेळी लायटरच्या चार्जरला लावल्यावरच शिट्टी येत असेल तर वर सांगितलेलं काहीच उघडू नका. चार्जर काढून बघा. आवाज गेला तर चांगला चार्जर घ्या, ब्लूटूथ वापरा किंवा ऑक्सच्या वाटेत ३.५ एमएमचा ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन अर्थांमधला जोड तोडणारी डबी) टाका. आयसोलेटर खरोखर कामाला येतो तो इथे. अँपच्या आरसीएवर तो शेवटचा उपाय, कारण स्वस्त आयसोलेटरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर खालचा बास खातो.

आकाशवाणी किंवा एफएमवर खरखर आणि ब्लूटूथवर शांतता असेल तर एलईडी हेडलाइट, डॅशकॅम आणि चार्जर एकेक बंद करून बघा. आत नीट फिल्टर नसलेलं स्विचिंग सर्किट असलेल्या बिनकंपनीच्या एलईडी बल्बांनी रेडिओ झाकोळून जातो. अशा बल्बच्या वायरीवर फेराइटची क्लिप लावून फरक पडला नाही तर बल्बच बदला.

वीजेचा नसलेला आवाज

काही तक्रारींचा वायरिंगशी संबंधच नसतो. बासच्या ठोक्याला दरवाजा खुळखुळत असेल तर गाणं चालू ठेवून दरवाजाचं पॅड, नंबर प्लेट, मागची ट्रे असं एकेक हाताने दाबत जा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे फेल्टची चिकटपट्टी किंवा नवी क्लिप लावा. साधा डबल टेप उन्हात उभ्या गाडीत टिकत नाही. दरवाजाच्या आतल्या पत्र्यावर डॅम्पिंग शीट लावायची तर खालची पाणी निघायची भोकं बुजवू नका, दरवाजा आतून सडेल.

स्पीकरच घासतोय का ते बघायला गाणं बंद करून कोनच्या दोन्ही बाजूंना चार बोटांनी सारखा दाब द्या आणि सोडा. कागदावर वाळू घासल्यासारखं जाणवलं तर आतली कॉइल घासते आहे. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. आकडा दाखवूनही घासत असेल तर तो रीकॉनला (कोन-कॉइल नवी बसवायला) द्या किंवा बदला. गुंडाळी ठीक असली तरी धूळ आत गेलेला स्पीकर फुंकर मारून सुधारत नाही.

सगळं बसवल्यावर एक फेरी होटगी रोडच्या स्पीडब्रेकरवरून आणि एक पुणे-हैदराबाद महामार्गावर मारा. पहिल्या फेरीत सैल वायर कळते, दुसरीत रेसवरची उरलीसुरली शिट्टी. आठवड्याने अर्थचा बोल्ट आणि फ्यूज होल्डर पुन्हा एकदा आवळा आणि हात लावून बघा. फ्यूज होल्डर गरम लागला तर आतला स्क्रू अजून सैल आहे.